रोजच्या वापराचा छोटा फिक्स्ड ब्लेड चाकू निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडावर जाणारी मंडळी, बागेत राबणारे, खाडीत मासेमारी करणारे आणि घरी रोज चार खोकी फोडणारे अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न पोलादाचा असतो. माझं मत आधीच सांगतो: छोट्या चाकूत पोलादाच्या नावाआधी पात्याची जाडी पाहावी, आणि जाडीइतकंच लक्ष म्यानाकडे द्यावं. या दोन गोष्टी जमल्या की साधं पोलादही वर्षानुवर्षं साथ देतं.

फिक्स्ड ब्लेड म्हणजे नेमका कोणता चाकू?

ज्याचं पातं मुठीत मिटत नाही तो. स्वयंपाकघरातली सुरीसुद्धा फिक्स्ड ब्लेडच. इथे मात्र साधारण 6 ते 9 सेंटिमीटर पात्याचा, एकूण 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचा आणि म्यानासकट दीडशे ग्रॅमच्या आत बसणारा चाकू डोळ्यांसमोर आहे. कामाचं पातं रोज अंगावर वागवणं आपल्याकडे नवं नाही. कोकणात कमरेला लाकडी आकडी बांधून तिच्यात कोयती अडकवलेले बागायतदार आजही दिसतात. तीच गरज, फक्त पातं लहान आणि म्यान बंदिस्त.

मिटणारा चाकू खिशात मावतो, मग हा कशाला?

सांधा नसतो म्हणून. मिटणाऱ्या चाकूचं सगळं दुखणं सांध्यात असतं. फणसाचा चीक, आंब्याचा डिंक, माशाचे खवले, नदीकाठची वाळू, सगळं तिथे जाऊन बसतं. चीक आत सुकला की दुसऱ्या दिवशी पातं उघडताना नख मोडायची वेळ येते, आणि तो काढायला स्क्रू खोलावे लागतात. न मिटणाऱ्या चाकूला फणसाआधी खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, काम झालं की तेलकट फडक्याने चीक ओढून काढायचा, साबणाने धुवायचं आणि पुसायचं. संपलं.

दुसरं म्हणजे एक हात गुंतलेला असताना तो सहज बाहेर येतो. एका हाताने फांदी किंवा दोर धरलाय, अशा वेळी हे फार मोलाचं ठरतं. लॉक सटकून पातं बोटांवर मिटण्याची भीतीही नाही.

पण तुमचा दिवस ऑफिस, लोकल आणि घर एवढ्यातच जात असेल आणि कापायची वस्तू म्हणजे कुरिअरची पाकिटं असतील, तर छोटा मिटणारा चाकूच बरा. फिक्स्ड ब्लेड लोकांच्या नजरेत भरतो आणि त्या नजरेला तसं कारणही आहे.

कायद्याने असा चाकू जवळ ठेवता येतो का?

एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

शस्त्र कायदा, 1959 मधल्या शस्त्राच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा वर्ग आहे. त्यात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची पाती बाजूला काढली आहेत. तीन इंची पातं या मापाच्या जवळपासही जात नाही. तरी दोन्ही बाजूंनी धार असलेला, खंजिराच्या घाटाचा चाकू घेऊच नका, कितीही लहान असला तरी. बटण दाबून उडणारा तर मुळीच नको.

दुसरी बाजू महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 ची. त्याच्या कलम 37(1) खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू, सुरे, काठ्या, लाठ्या जवळ बाळगायलाच बंदी असते. तिथे इंच मोजले जात नाहीत. आदेश मोडला तर कलम 135 खाली गुन्हा दाखल होतो. गणेशोत्सवात आणि निवडणुकीच्या दिवसांत चाकू घरी ठेवावा, हे माझं स्पष्ट सांगणं आहे.

एरवीही कुठे, कधी आणि कशासाठी, या तीन प्रश्नांचं सरळ उत्तर तुमच्यापाशी असायला हवं. रविवारी पहाटे सॅकमध्ये दोर, शिधा आणि भांड्यांबरोबर असलेला चाकू कामाचाच दिसतो. तोच रात्री अकरा वाजता एसटी स्टँडवर कमरेला लावलेला असेल तर पोलीस हटकणारच, आणि त्यांनी हटकावंच. प्रवासात चाकू म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा, बागेत किंवा मुक्कामावर पोचल्यावर बाहेर काढा. तुमच्या जिल्ह्यात सध्या काय आदेश आहे, ते पोलीस ठाण्यात विचारता येतं.

अभयारण्यातल्या ट्रेकला नेला तर चालेल का?

नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं म्हणून मुद्दाम वेगळं लिहितोय. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि याच कायद्याच्या कलम 2 मधल्या शस्त्राच्या व्याख्येत जाळी, सापळे, गळ यांच्याबरोबर चाकूचा थेट उल्लेख आहे. लांबीची कसलीही सूट नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू.

आता आपले नेहमीचे ट्रेक आठवून पाहा. रतनगड आणि हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. वासोटा कोयना अभयारण्यात, प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात, कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात. भीमाशंकरचं रान अभयारण्य आहे. गोव्यात दूधसागरचा परिसर भगवान महावीर अभयारण्यात येतो. सह्याद्रीत फिरणाऱ्याचे निम्मे आवडते रस्ते यात आले. तिथे जाताना चाकू घरी ठेवा, भाजी घरून चिरून न्या, नाहीतर ज्या गावात जेवण सांगितलंय तिथे विळी असतेच. नाक्यावर सॅक तपासली जाते आणि वनरक्षक त्यांचं काम करत असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात काहीच अर्थ नाही.

आणखी एक विनंती. गड अभयारण्यात असो वा नसो, चाकूचं टोक तटबंदीला, लेण्याला किंवा झाडाला लावू नका. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दगडात कोरलेलं नाव पुसता येत नाही, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

विमानात, परदेशात?

विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही, चेक-इन सामानात गुंडाळून चालतो. कोर्ट, मॉल, मेट्रो, सभा इथे नेऊ नका.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचा, लॉक नसलेला मिटणारा चाकू सोडला तर इतर चाकू सार्वजनिक जागी बाळगायला योग्य कारण लागतं, त्यामुळे फिक्स्ड ब्लेड कितीही छोटा असला तरी कारण द्यावंच लागतं. जर्मनीत 12 सेंटिमीटरहून लांब पात्याचा फिक्स्ड ब्लेड कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही, आणि 2024 पासून जत्रा, उत्सव, सार्वजनिक वाहतूक इथले नियम आणखी कडक झाले आहेत. अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो. कॅलिफोर्नियात असा चाकू कपड्याआड लपवणं हाच गुन्हा ठरू शकतो, कमरेला उघड्या म्यानात असला तर तो लपवलेला मानत नाहीत. म्हणजे आपल्याकडे जी सावधगिरी सांगितली, तिथे नेमकी उलटी.

स्वसंरक्षणासाठी कोणता घ्यावा?

कोणताही घेऊ नका. संकटात पाय काढता घ्यावा आणि 112 वर फोन करावा. पुढची सगळी उत्तरं कापायच्या अवजाराबद्दल आहेत.

पात्याची लांबी किती असावी?

तळहाताची रुंदी हे सोपं माप. चार बोटं जुळवली की जेवढी रुंदी होते तेवढं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर पातं पुरतं. यात कांदा, टोमॅटो, सफरचंद, सुतळी, खताची गोणी, ठिबकची 16 मिलिमीटरची नळी, केबल टाय सगळं होतं. कलिंगड होत नाही, पण कलिंगड सोबत घेऊन कोण चढतो? सहा सेंटिमीटरच्या खाली पाव कापणंही अवघड जातं आणि दहाच्या वर गेलात की तो रोज जवळ राहत नाही, घरीच पडून राहतो.

जाडी एवढी महत्त्वाची का?

बाजारात ‘टॅक्टिकल’, ‘सर्व्हायव्हल’ अशा नावांनी जे छोटे चाकू मिळतात त्यांची पाठ अनेकदा चार-पाच मिलिमीटर जाड असते. आठ सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर जाड पात्याने कैरी कापून पाहा. धार आत जाते, मग पाठ कैरीला दोन्हीकडे ढकलते आणि फोड कापली जाण्याआधी कट्कन फुटते. फोडीची बाजू खडबडीत दिसते, रस बाहेर येतो. दोन मिलिमीटर पाठीचं पातं त्याच कैरीतून सरळ उतरतं आणि फोड आरशासारखी गुळगुळीत निघते. दोन्ही चाकूंची धार सारखीच तीक्ष्ण असली तरी हा फरक राहतो, कारण कापताना धारेमागून सगळं पातं वस्तूत शिरत असतं.

म्हणून पाठ 2 ते 2.5 मिलिमीटर, फार तर 3. त्याहून बारीक लक्ष धारेच्या लगेच मागे द्या. दुकानात चाकू हातात घेऊन धार डोळ्यांसमोर धरा आणि पाठीकडून धारेकडे पातं कसं निमुळतं होत आलंय ते बघा. पाठीपासूनच निमुळतं होत आलेलं, म्हणजे ज्याला फुल फ्लॅट ग्राइंड म्हणतात ते, खाण्याच्या वस्तूंना उत्तम. अर्ध्याहून खाली एकदम उतार सुरू होतो तो स्कँडी ग्राइंड. लाकूड तासायला, मेख किंवा खुंटी करायला तो छान, दगडावर धार लावायलाही सोपा, पण गाजर त्याने तडकतं.

जाड पात्याच्या बाजूने एकच मुद्दा खरा आहे: त्याने उचकटता येतं. चाकूने उचकटू नये, हे मान्य केलं की तो मुद्दाही उरत नाही. डब्याचं झाकण काढायला चमचा आहे.

टोकाचा आकार कसा असावा?

पाठ पुढे जाताना हलकेच खाली उतरते तो ड्रॉप पॉइंट. टोक मजबूत राहतं, पोटाला, म्हणजे टोकाकडे वळणाऱ्या धारेला, पुरेशी गोलाई मिळते. पहिला चाकू असेल तर हाच. सरळ धार आणि खाली वळलेली पाठ, ज्याला शीप्सफूट म्हणतात, ती होडीवर आणि जाळ्यांच्या कामात चांगली, कारण हेलकाव्यात टोक कुणाला लागत नाही. पुढे वाकलेलं, वाघनखासारखं करॅम्बिट मात्र घेऊ नका. त्याने बटाटासुद्धा सोलता येत नाही.

पोलाद कोणतं घ्यावं? कोकणात गंजतं का?

गंजतं, आणि फार लवकर. जून ते सप्टेंबर कार्बन स्टीलचं पातं रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावं. 12सी27 आणि 14सी28एन ही मूळची स्वीडिश पोलादं या आकाराला अगदी योग्य: दाणा बारीक, साध्या दगडावर धार येते, गंजाला सहजी दाद देत नाहीत. ज्यांचे हात रोज खाऱ्या पाण्यात असतात त्यांच्यासाठी नायट्रोजनयुक्त एलसी200एन आहे. ते महाग आहे पण मिठाने त्याला जवळपास काही होत नाही.

डी2 नावाच्या पोलादाबद्दल सावध करतो. ऑनलाइन ते ‘सेमी स्टेनलेस’ म्हणून खपतं. धार खूप टिकते, पण गंजतं, आणि बोथट झालं की साध्या दगडावर घामटं काढतं. सोलापूर, जालना, नागपूर अशा कोरड्या हवेत ठीक. रत्नागिरीत नको.

कार्बन स्टीलची आवड असेल तर 1095 किंवा 5160 घ्या आणि त्याचा स्वभाव ओळखून राहा. कैरी, लिंबू, कोकम कापलं की पातं करडं-निळं होतं. हा गंज नव्हे, उलट हा थर तांबूस गंजाला थोडा अटकाव करतो. तो घासून काढू नका.

कडकपणाचा आकडा, म्हणजे एचआरसी, 56 ते 60 च्या दरम्यान असला की पुरे. आकडाच दिलेला नसेल आणि फक्त ‘हाय कार्बन स्टेनलेस’ एवढंच लिहिलं असेल तर तो चाकू राहू द्या.

मूठ कशाची आणि केवढी?

पातं लहान असलं तरी मूठ लहान नको. छोट्या चाकूंत पैसे वाया जातात ते बहुधा इथे. तीन बोटांची मूठ खिशात छान बसते, पण अर्धा तास काम केलं की करंगळी हवेत राहते आणि सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो. चारही बोटं बसतील अशी, निदान साडेनऊ-दहा सेंटिमीटर मूठ बघा. तीन बोटांचीच आवडली तर मागच्या भोकात दोरीचा जाडसर गोंडा बांधा, करंगळीला आधार मिळतो.

मायकार्टा, म्हणजे राळेत दाबून घट्ट केलेले कापडाचे थर, ओल्या हातात चांगलं धरून राहतं, पॉलिश केलेलं नसेल तर. शिसम दिसायला देखणं, फक्त पावसाळ्याआधी तेल द्यायला हवं. गुळगुळीत चकचकीत प्लास्टिक माशांच्या कामात घातक आहे. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, म्हणजे फुल टँग, असेल तर उत्तमच, पण या आकारात तो हट्ट धरायची गरज नाही. मुठीत निम्म्याहून जास्त गेलेला आणि घट्ट बसलेला टँग पुरतो. मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे फट आहे का ते मात्र नखाने तपासा. त्या फटीत पाणी जातं आणि गंज आतून खातो.

गावच्या लोहाराकडून करून घेतला तर?

जरूर घ्या. मला सर्वांत आवडणारा मार्ग हाच. गावातला लोहार किंवा गावोगाव फिरणारे घिसाडी जे खुरपं आणि कोयता घडवतात, त्यामागे पिढ्यांची जाण आहे. अडचण एवढीच की त्यांचा हात जाड अवजाराला सरावलेला असतो. ‘छोटा चाकू करून द्या’ एवढंच सांगितलंत तर छोटा कोयता हातात येईल. म्हणून पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं चित्र कापून न्या आणि पाठ किती मिलिमीटर हवी ते बोला. जाडीचा नमुना म्हणून घरातली सुरी दाखवली तर उत्तम.

पोलाद बहुधा ट्रकच्या कमान-पाट्याचं असतं, आणि ते चांगलंच असतं. विचारायचं ते पाणी देण्याबद्दल. पातं तापवून एकदम थंड करतात तेव्हा ते कडक होतं. एवढ्या पातळ पात्याला थेट पाण्यात बुडवलं तर वाकतं किंवा बारीक तडा जातो, म्हणून कोमट तेलात बुडवायला सांगा. त्यानंतर धारेवर नवी कानस फिरवून बघा: ती पकडली न जाता काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. कानस पोलाद खात असेल तर पाणी बसलेलं नाही, पुन्हा द्यायला सांगा.

एवढं कडक पातं ठिसूळ असतं, पडलं तर तुकडे होतील. त्याला पुन्हा हलकं तापवावं लागतं. भट्टीत हे रंगावरून करतात. पातं घासून लख्ख केलं की तापताना त्यावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. पिवळ्यावर थांबायचं. घरी ओव्हन असेल तर काम आणखी सोपं: 200 अंशांवर एक तास, मग पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि पुन्हा एक तास. मूठ त्यानंतर बसवायची. ओव्हन लोहाराकडे नसतो, तुमच्याकडे असतो. हे काम वाटून घेता येतं. आणि मजुरीत घासाघीस करू नका. यंत्रातून निघालेल्या चाकूला जे पैसे आपण न विचारता मोजतो, तेवढे इथेही मोजावेत.

तयार चाकूंत कोणते पाहावेत?

स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू पहिल्यांदा हातात घेऊन बघा. तिथे 1891 पासून हे काम चालू आहे. त्यांचा एल्ड्रिस सहा सेंटिमीटरच्या आतबाहेर पात्याचा, दोन मिलिमीटर जाड आणि मूठभर मुठीचा आहे. कंपॅनियन त्याहून मोठा, दहा सेंटिमीटरच्या थोडा वर आणि अडीच मिलिमीटर जाड. शेतीच्या कामाला तो फार सोयीचा. ईएसईई कंपनीचा इझुला प्रसिद्ध आहे, 1095 पोलादाचा आणि जवळजवळ चार मिलिमीटर जाड. मजबुतीला तोड नाही, पण खाण्याच्या वस्तूंसाठी मी तो सुचवणार नाही.

आणि ज्याला फार खर्च करायचा नाही त्याने व्हिक्टोरिनॉक्सची आठ किंवा दहा सेंटिमीटरची साधी स्वयंपाकघरातली सुरी घ्यावी. पातळ, हलकी, स्टेनलेस. म्यान मिळत नाही, ते करायचं. पुण्यातली बोहरी आळी, मुंबईतला नागदेवी स्ट्रीट इथल्या हार्डवेअरच्या दुकानांतही चाकू हाताळून घेता येतात.

लाटांच्या नक्षीचा दमास्कस चाकू स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

स्वस्तात मिळत असेल तर नको. खरी नक्षी दोन पोलादांचे थर एकत्र घडवून येते, आणि त्याला वेळ व कौशल्य लागतं. स्वस्त चाकूवर ती बहुतेकदा नुसती वरून उमटवलेली असते. पाठीकडे बघा: खऱ्या पात्यात रेषा पाठीवरून पलीकडच्या बाजूला सलग जातात.

म्यानात काय बघायचं?

बरंच. फिक्स्ड ब्लेडची सगळी सुरक्षितता म्यानात आहे. चाकू म्यानात घाला, उलटा धरा आणि गादीवर जोरात झटका द्या. निसटला तर म्यान नापास. मग एका हाताने बाहेर काढून बघा: अंगठा म्यानाच्या कडेवर टेकवून ढकलला की पातं सुटलं पाहिजे. कोपरापासून हात खेचावा लागत असेल तर एके दिवशी तो जोर समोरच्याला लागेल.

चामडं की प्लास्टिक, तर कोकणात आणि घाटमाथ्यावर प्लास्टिक. चामडं ओल धरतं, श्रावणात त्यावर बुरशी येते आणि आतलं पातं गंजतं. कोरड्या भागात चामड्यासारखं काही नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याचं म्यान शिवून घेता येतं. शिवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची एक जादा पट्टी घाला. नाहीतर धार रोज थोडी थोडी शिवण कापत राहते आणि एक दिवस पातं बाजूने बाहेर येतं.

घरी करायचं तर पीव्हीसी पाइप. सव्वा इंची पाइपचा वीत-दीड वीत तुकडा घ्या, लांबीत एक चीर द्या आणि उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा. मऊ झाला की चिमट्याने काढा, दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट करा. थेट गॅसच्या ज्योतीवर धरू नका, पीव्हीसी जळला की घातक धूर होतो. पात्यावर मास्किंग टेपचे दोन थर चढवा, सपाट पत्रा पुन्हा मऊ करा, पात्याभोवती दुमडा आणि फळ्यांमध्ये दाबून थंड होऊ द्या. हातात जाड मोजे हवेतच. मुठीजवळचा भाग जरा जास्त दाबला की तिथे चाकू ‘टक्’ आवाज करून बसतो. उघड्या कडेला छोटे नट-बोल्ट लावा आणि टोकाशी एक भोक पाडा, पाणी निथळायला. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र हे म्यान ठेवू नका, वेडंवाकडं होईल.

अडकवायचा कुठे?

बागेत पट्ट्याला आडवा, पोटाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला. उभा लावला की खाली बसताना मांडीत रुततो. गळ्यात दोरीने अडकवायची पद्धत आहे, पण चढताना नको, आणि दोरी ओढली की तुटेल अशीच हवी. दुचाकीवर असताना चाकू अंगावर कुठेही नको, बॅगेत ठेवा.

धार कशी लावायची? धारवाला आला की त्याच्याकडून लावून घेऊ का?

विळी-कात्रीला जरूर. छोट्या चाकूला मात्र फिरत्या चाकावर जपून. पातळ धार काही क्षणांत तापते, आणि निळी पडली की तेवढ्या भागाचं पाणी गेलं असं समजा. तिथली धार नंतर टिकत नाही. द्यायचाच झाला तर मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा.

घरी एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) पाण्याचा दगड पुरेसा आहे. दगड भिजवा, ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. पातं वीस मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण सहा मिलिमीटर वर उचला, कोन बरोबर येतो. एका बाजूने घासत राहा, तोवर की दुसऱ्या बाजूला धारेवर अंगठा बाहेरच्या दिशेने सरकवल्यावर बारीक खरखरीत कड लागेल. पूर्ण धारेवर ती लागली की मगच बाजू बदला. बरेच जण या कडेची वाट न बघता बाजू बदलतात आणि तासभर घासूनही धार आली नाही म्हणून दगडाला दोष देतात. शेवटी जोर कमी करत दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काही हलके हात, मग जुन्या कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट दिशेने ओढा, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. वर्तमानपत्राचा कागद कडेपासून न फाटता सरळ कापला गेला की झालं.

प्रवासात दगड नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या किंवा कपाच्या बुडाची खरखरीत कडा वापरा. कामापुरती धार हमखास येते.

पावसाळ्यात कसा जपायचा?

धुवा, पुसा, आणि म्यानाबाहेर ठेवा. एवढ्यावर निम्मं काम होतं. खाण्यासाठी वापरत असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन कापडाने पुसटसं लावा. जवसाचं तेल पात्याला नको, ते सुकून चिकट थर धरतं. मुठीला मात्र तेच चांगलं.

याच चाकूने आंब्याचं कलम करता येईल का?

करू नका. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट, म्हणून काप सरळ येतो आणि खुंट-काडी घट्ट जुळतात. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं पातं काप गोलसर करतं आणि आत पोकळी राहते. शिवाय कलमाचा चाकू स्वच्छ लागतो, प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसलेला. भाकरीबरोबर कांदा कापलेला चाकू तिथे नको.

मुलांच्या हातात कधी द्यावा?

वय सांगत नाही, मूल सांगतं. बसून, कापायची दिशा अंगापासून दूर, हाताच्या टप्प्यात दुसरं कोणी नाही, आणि चाकू पडला तर झेलायचा नाही, हे चार नियम पाळणाऱ्याला मोठ्यांच्या देखत द्यावा. पहिल्यांदा काकडी सोलू द्या. बोथट चाकू सुरक्षित असं समजून तो देऊ नका, त्याला जोर लावावा लागतो आणि जोराने सटकतो. कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, दाबून धरा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते तपासा.

टोक मोडलं. आता?

टाकून देऊ नका. नवं टोक काढायला धारेकडची बाजू घासावीशी वाटते, तसं करू नका. सगळी धार नव्याने बसवावी लागते. पाठीच्या बाजूने दगडावर किंवा कानशीने घासत, पाठ हळूहळू खाली उतरवत धारेला नेऊन मिळवा. धार होती तशी राहते, पातं फक्त चार-पाच मिलिमीटर आखूड होतं. ग्राइंडर वापरत असाल तर पातं उघड्या हाताने धरा, मोजे न घालता: बोटांना ऊब जाणवली की लगेच पाण्यात बुडवायचं. नव्या टोकाची लांबी कमी झाल्याने जुनं म्यान सैल वाटलं तर मुठीजवळचा भाग उकळत्या पाण्यात धरून पुन्हा दाबून घ्या.